एक चूल पुरत नाही

बसा सगळे. मागे अजून खुर्च्या आहेत, दारात उभं राहू नका. आणि कुणाला सर्दी असेल, खोकला असेल, तर त्यांनी शेवटच्या रांगेत जाऊन बसावं. हसू नका. लीलाताई असत्या तर या हॉलमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी हेच सांगितलं असतं. नमस्कारसुद्धा नंतर केला असता.

एवढी माणसं आलात. लीलाताईंचे यजमान, आपले साहेब, पुढे बसलेत, शेजारी त्यांची मुलगी आहे, पुण्याहून आली. आपल्या मराठी मंडळाचे आजी-माजी सगळे आहेत. बरं वाटलं. मला बोलायला जड जातंय. रडू येतंय म्हणून नव्हे, रडून झालंय माझं. आधीच्या चौघांनी इतकं छान बोलून ठेवलंय की आता मी तोंड उघडलं की भांडल्यासारखं वाटेल. वाटू द्या.

ज्यांना मी माहीत नाही त्यांना सांगते. मी शालन. इचलकरंजीला माझी खानावळ होती, मागावरच्या कामगारांची. वीस वर्षं चालवली. शिक्षण चौथी. मुलगा शिकला, इथं परदेशात नोकरीला लागला, नातू झाला तसं त्यानं मला बोलावून घेतलं. मुलगा-सून कामाला गेले की मी फ्लॅटमध्ये एकटी. खाली उतरले की सगळी बटणं इंग्रजीत. पहिलं वर्ष मी लिफ्टकडे बघत काढलं. मग लीलाताई भेटल्या, आणि पुढची पाच वर्षं मी त्यांच्या स्वयंपाकघरात होते.

आधीच्या लोकांनी त्यांना 'समाजसेविका' म्हटलं. म्हणजे काय करायच्या ते कुणी सांगितलं नाही. मी सांगते. इथल्या हॉस्पिटलात रक्ताच्या कर्करोगाची मुलं असतात. महिनोन् महिने असतात. आई मुलाला सोडून हलत नाही. मुलाच्या तोंडाला चव नसते, हॉस्पिटलचं जेवण जात नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्या मुलाला आणि त्याच्या आईला लीलाताई घरचं जेवण द्यायच्या. रोज. साडेअकराला डबा घरातून निघायचा. दिवाळी असो, पाडवा असो, साहेबांच्या ऑफिसातले पाहुणे असोत. साडेअकरा.

त्या मुलांच्या अंगात औषधांमुळे जोर राहत नाही, बारीकसा जंतू गेला तरी पेटतो. म्हणून कच्चं काही नाही. घरी विरजलेलं दही नाही, वरून ओलं खोबरं नाही, चटणी नाही. मेतकूट भातावर घ्यायचं नाही, भात शिजतानाच घालायचं. डबा उकळत्या पाण्यातून काढायचा, जेवण वाफेचं भरायचं. आणि हात. हातांबद्दल शेवटी बोलेन.

मी पहिल्या दिवशी काय केलं माहितीये? आमटी झाली, गॅस बंद केला आणि वरून मूठभर कोथिंबीर टाकली. वीस वर्षांची सवय. हात आपोआप गेला. लीलाताईंनी पातेल्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"शालन, हे काय?"

"कोथिंबीर."

"ते मला दिसतंय."

मी म्हटलं, "ताई, धुऊन घेतलीय. आणि कोथिंबिरीशिवाय आमटी म्हणजे कपाळाला कुंकू नसल्यासारखी."

त्या म्हणाल्या, "कुंकू आई लावेल. तू उकळी काढ." आणि अख्खं पातेलं परत गॅसवर चढवलं. शेजारी घड्याळ घेऊन उभ्या. दहा मिनिटं खळाखळा उकळवली. कोथिंबिरीचा पार काळा चोथा झाला. मला इतका राग आला होता! ही गोरी बाई मला आमटी शिकवणार?

हो, गोरी. नवीन लोकांना माहीत नसेल. लीलाताई जन्मानं रशियातल्या. तेव्हा तो देश मोठा होता, सोव्हिएत म्हणायचे. आपले साहेब तिथं जहाजं बांधायचं शिकायला गेले आणि येताना बायको घेऊन आले. तिचं नाव लुद्मिला. सांगलीला सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरून 'लीला' लिहिलं आणि विषय संपवला. इथं त्या पुढे साहेबांच्या नोकरीमुळे आल्या. मराठी सासूकडूनच शिकल्या, म्हणून त्यांची मराठी अशी सांगलीकडची, एक घाव दोन तुकडे. माझी सून केतकी रॅफल्स प्लेसला बँकेत आहे, पुण्याची आहे, ती म्हणायची, "आई, लीलाकाकूंची मराठी माझ्यापेक्षा रांगडी आहे."

त्यांच्या बेसिनच्या वर एक फोटो होता, पेपरातून कापलेला, काचेत लावलेला. एक बाई, अंगात कोट, केस नीट बसवलेले. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "ताई, या तुमच्या आई का?"

"माझी आई सुताच्या गिरणीत होती. तिला असा कोट कुठला? ही आमच्या देशाच्या सगळ्यात मोठ्या नेत्याची बायको."

मला काही कळेना. मी म्हटलं, "देव सोडून नेत्याची बायको कोण लावतं भिंतीला?"

तेव्हा हसल्या. आणि मग वांगी चिरता चिरता सांगितलं. नीट ऐका, कारण मला आज हेच सांगायचंय.

त्या म्हणाल्या, आमच्याकडे नेत्यांच्या बायका दिसायच्याच नाहीत. त्यांची नावंसुद्धा लोकांना माहीत नसायची. ही पहिली, जी नवऱ्याच्या बरोबरीनं चालली. परदेशात गेली, बोलली, हसली. लोकांना ते बघवेना. कपडे बघा म्हणायचे. नवऱ्याला हीच शिकवते म्हणायचे. हिला कुणी निवडून दिलंय म्हणायचे. "आणि शालन, मीसुद्धा म्हणायचे. माहेरी गेले की आईबरोबर साबणाच्या रांगेत उभी राहायचे. दोन दोन तास. रांगेत दुसरा उद्योग काय? तिला नावं ठेवायची."

लीलाताईंच्या बहिणीला एक मुलगी होती, कात्या. सहा वर्षांची. तिला हाच आजार झाला. लीलाताई तेव्हा सांगलीत, पत्र पोचायला वेळ, जायला वेळ. पोचल्या तोवर पोर गेलेली. बहीण एकच गोष्ट सांगत होती. कात्यानं शेवटी रव्याची खीर मागितली होती. घरची. पण घरचं आत नेऊ देत नव्हते, आईला काचेच्या बाहेर उभं करायचे. बहीण काचेला हात लावून उभी राहिली आणि आतलं पोर खीर मागत राहिलं.

मग काही काळानं लीलाताईंच्या कानावर आलं, की ती नेत्याची बायको, जिला आपण रांगेत उभं राहून नावं ठेवली, ती अशाच मुलांसाठी मदत गोळा करते. रक्ताच्या आजाराच्या मुलांसाठी. दवाखाने, यंत्रं, औषधं. नवरा खुर्चीवर होता तेव्हाही. आणि पुढे खुर्ची गेली, देशसुद्धा गेला. लोकांनी तिच्या नवऱ्याकडे पाठ फिरवली. तरी बाईनं काम सोडलं नाही. आणि शेवटी तिलाही तोच आजार झाला. रक्ताचाच. तेव्हा त्याच लोकांनी तिला पत्रं लिहिली, पोतं पोतं भरून. रडले म्हणे.

लीलाताई म्हणाल्या, "मीही रडले. सांगलीच्या माडीवर बसून रडले. सासूबाई म्हणाल्या, कोण गेलं ग? मी म्हटलं, एक बाई, जिची माफी मागायची राहिली. सासूबाई म्हणाल्या, मग रडतेस कशाला, तिचं काम कर."

त्यांची माफी ही अशी. डब्यातून मागितलेली. रोज साडेअकराला.

आता मी कडू बोलणार आहे. या हॉलमध्ये अशी माणसं बसलीत ज्यांनी लीलाताईंना नावं ठेवली. मी नावं घेणार नाही. साहेब मंडळाचे अध्यक्ष होते तेव्हा त्या गणपतीत पहिल्या रांगेत बसायच्या, तेव्हा काय म्हणत होता? 'मॅडम मिरवायला आल्या.' आरतीला टाळ वाजवायच्या तर 'नाटकं बघा.' आणि कार्यक्रम संपल्यावर दारात उभ्या राहून घरी जाणाऱ्या प्रत्येकीला विचारायच्या, "तुमच्याकडे घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आहे का?" तर तुम्ही काय म्हणायचात? 'चला पळा, भांडीवाली आली.' मी तिथंच होते. भांड्यांच्या पिशव्या माझ्याच हातात असायच्या.

साहेबांची खुर्ची जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर पहिल्या रांगेत कुणी बोलावलं नाही त्यांना. डबा बंद पडला का?

नाही पडला.

आणि मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. माझीही गोष्ट सांगते, म्हणजे हिशेब बरोबर होईल. दुसऱ्या वर्षी माझ्या मुलाच्या घरी सत्यनारायण होता. तेव्हा वॉर्डात एक मुलगा होता, नाव सांगत नाही, आता बरा होऊन शाळेत जातो. त्याची आई मला म्हणाली होती, देवाचं काही असलं तर आणा. मी काय केलं? डब्याच्या पिशवीत एक छोटी बाटली ठेवली. पंचामृत. कच्चं दूध, दही, मध, सगळं. लीलाताईंना सांगितलं नाही. प्रसादाला कसला जंतू, असं मला वाटलं. आईनं मुलाच्या तळहातावर चमचाभर दिलं.

दोन दिवसांनी मुलाला ताप आला. वेगळ्या खोलीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, कशामुळे ते सांगता येत नाही, असा ताप या मुलांना येतोच. पण मला माहीत होतं मी काय दिलं ते. पाच दिवस मला अन्न गेलं नाही. शेवटी जाऊन लीलाताईंना सांगितलं. म्हटलं, मी उद्यापासून येत नाही.

त्या किती चिडल्या असतील, बोला. भांडं फेकतील असं वाटलं मला. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या. म्हणाल्या, "तू खोटं बोलली नाहीस तर आपण पुढचं जेवण करू शकतो. खोटं बोलणारी बाई मला नको. चुकणारी चालेल."

मग म्हणाल्या, "आणि देवाचं म्हणशील तर शिरा कर. तुपात भाजायचा, उकळतं पाणी घालायचं, वाफ काढायची. देवाला गरम चालतं."

तेव्हापासून आमच्या डब्यात एकादशी नाही, संकष्टी नाही, पण गुरुवारी शिरा असतो. मला बरेच दिवस वाटायचं, तो माझ्या सत्यनारायणाचा शिरा. मग एकदा लक्षात आलं. ती कात्याची खीर होती.

आता शेवटचे दिवस. त्यांना खोकला झाला. साधाच वाटला. पण त्या दिवसापासून लीलाताईंनी स्वतःच्या स्वयंपाकघरात पाय ठेवला नाही. तीन आठवडे. मधे काचेचं सरकतं दार आहे. त्या दाराच्या पलीकडे खुर्ची टाकून बसायच्या, तोंडाला मास्क, हातात फोन. मी आत. एकाच घरात आम्ही फोनवर बोलायचो.

"शालन, बटाटा अजून कच्चा आहे."

"तुम्हाला तिथून काय दिसतंय?"

"तू सुरी घालून बघ. अडली की नाही?"

अडायची. दर वेळी अडायची.

एक दिवस त्यांनी काचेवर हात ठेवला. नुसता ठेवला आणि बसून राहिल्या. मी गॅस बारीक करून दाराजवळ गेले. फोनवर म्हणाल्या, "शालन, माझी चूक झाली."

मी म्हटलं, "तुमची? लिहून ठेवते थांबा."

"चेष्टा नको. मी एकच चूल ठेवली. मला वाटलं, माझ्याइतकं स्वच्छ कुणी करणार नाही. कुणावर विश्वास ठेवला नाही. आता मला एक खोकला झाला, तर बघ, सगळं तुझ्या एकटीवर आलं. तुला झाला तर?"

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. त्यांचं बरोबर होतं, ती त्यांची चूकच होती. कुणी मदतीला आलं की त्या त्याच्या नखांकडे बघायच्या आणि परत पाठवायच्या. नवीन लग्न झालेल्या दोन मुली एकदा हौसेनं आल्या होत्या, त्यांची नेलपॉलिश बघून दारातूनच, "चहा घ्या आणि जा." पुन्हा आल्या का त्या? त्यांना नखं कापा म्हटलं असतं तर कापली असती त्यांनी. हट्टी बाई. चांगली बाई, पण हट्टी. आणि हट्टानं चालवलेलं काम हट्टाबरोबर जातं.

पुढे खोकला छातीत उतरला. हॉस्पिटलात नेलं. मंगळवारी सकाळी गेल्या.

त्या सकाळी काय झालं ते इथं फार थोड्यांना माहीत आहे. साहेब हॉस्पिटलात कागदपत्रांत होते. मी आठ वाजता त्यांच्या घरी गेले, किल्ली माझ्याकडे असते. मंडळातल्या चार-पाच जणी आधीच खाली थांबल्या होत्या, त्या बरोबर वर आल्या. मी ओट्याशी गेले आणि कुकर काढला. एक बाई म्हणाली, "अहो, हे काय? घरात माणूस गेलंय. चूल पेटवायची नसते."

मी म्हटलं, "डबा आहे."

"आज डबा? लोक काय म्हणतील? आणि सुतकातल्या घरचं अन्न त्या आजारी मुलाला?"

बाई वाईट नाही हो. रीत आहे आपली. घरात माणूस गेलं की चूल थंड, शेजारी पिठलंभात आणतात. मीही वर्षानुवर्षं कुणाकुणाकडे पातेली नेलीत. पण वॉर्डात मनवा आहे. सात वर्षांची. तिचे वडील तुआसला कारखान्यात इंजिनिअर आहेत, आई जळगावची. त्या पोरीला सुतक कोण समजावणार? तिच्या शेजाऱ्यांनी पिठलंभात आणायचा म्हटलं तर तिचे शेजारी कोण? आम्हीच की.

आम्ही दोघी तिथं वाद घालतोय आणि साहेब दारात. कधी आले कळलंच नाही. मला वाटलं, झालं, आता हे म्हणणार बंद करा. त्यांचं घर, त्यांची बायको गेलेली.

साहेबांनी विचारलं, "डबा किती वाजता निघतो?"

ऐका. ज्या घरातून इतकी वर्षं डबा गेला त्या घरचा मालक विचारतोय, डबा किती वाजता निघतो. साहेब, रागावू नका. तुम्ही ऑफिसात असायचात.

मी सांगितलं, "साडेअकराला."

साहेबांनी हातातलं घड्याळ काढलं. बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. बेसिनपाशी गेले, साबण घेतला आणि मोजायला लागले. मोठ्यानं. अदीन, द्वा, त्री. लीलाताई मोजायच्या तसं. त्यांचा नियम होता, हात धुताना चाळीसपर्यंत मोजायचं, आणि त्या रशियन भाषेतच मोजायच्या. मला चौथीचे पाढे आता आठवत नाहीत, पण रशियनमध्ये चाळीसपर्यंत येतं. माझ्या नातवालाही येतं. मी घाई केली तर तो ओरडतो, "आजी, कॅनॉट लाह! सोरक कुठं झालं?" कॅनॉट लाह म्हणजे इथल्या बोलीत 'चालणार नाही', आणि सोरक म्हणजे चाळीस.

साहेबांनी सोरकपर्यंत मोजलं. मधे एकदा आवाज गेला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता काय करू?"

मी म्हटलं, "बटाटे सोला."

इतकी जहाजं बांधलेला माणूस, पण निम्मा बटाटा सालाबरोबर गेला. तरी सोलले. आणि मघाशी मला रीत सांगणारी ती बाई, तिनं पदर खोचला, हात धुतले आणि तांदूळ धुवायला घेतले.

डबा दहा मिनिटं उशिरा निघाला.

डबा रोज रेणू नेते, युनिव्हर्सिटीत संशोधन करते ती मुलगी. त्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. मनवाची आई खाली आली. म्हणाली, "ताई, आज उशीर?" मी सांगितलं, लीलाताई गेल्या. तिनं डबा दोन्ही हातांत धरला होता, पोळत असणार, पण खाली ठेवला नाही. एवढंच म्हणाली, "शालनताई, उद्या?"

आणि लगेच तोंडावर हात ठेवला. तिला लाज वाटली. कुणी गेलंय आणि मी जेवणाचं विचारतेय.

लाज कसली त्यात? इथं सगळे बोलून गेले, कुणी विचारलं नाही तो एकच प्रश्न तिनं विचारला. उद्या?

मंडळाच्या समितीनं ठरवलंय ते मला कळलंय. हॉलमध्ये लीलाताईंचा फोटो लावायचा. दरवर्षी त्यांच्या नावानं गाण्याची स्पर्धा घ्यायची. आणि डबा 'तूर्तास' थांबवायचा, कारण साहेब महिनाअखेर मुलीकडे पुण्याला चाललेत, ते घर सुटणार, आणि या हॉलमध्ये स्वयंपाकाला परवानगी नाही. सगळं खरं आहे. पण सेक्रेटरी, मला सांगा, तूर्तास म्हणजे कधीपर्यंत? मनवाचे अजून चार महिने आहेत. तिला सांगू का, तूर्तास भूक लागू देऊ नकोस?

फोटो लावा. माझी ना नाही. लीलाताईंनीही एक लावला होता. पण तो लावला तो बेसिनच्या वर, आणि खाली रोज हात धुतले. गाण्याची स्पर्धा घ्या. लीलाताईंना गाणं कळत नव्हतं, टाळही चुकीचा वाजवायच्या, पण घ्या. फक्त डब्याला हात लावू नका.

आज दहावा दिवस. गेले नऊ दिवस डबा गेलाय. साहेबांच्या घरातून दोन दिवस, मग माझ्या मुलाच्या फ्लॅटमधून. मी सातही दिवस करू शकते. खानावळवाली आहे, माझ्या कंबरेला सवय आहे. पण मी तसं करणार नाही. मला खोकला झाला तर? माझा इथं राहायचा पास तरी कुठं कायमचा आहे? पुन्हा एकच चूल, पुन्हा एकच हट्टी बाई. मी ती चूक पुन्हा करणार नाही. लीलाताईंनी काचेपलीकडून मला ती सांगितली, मी ऐकली.

मला सात घरं पाहिजेत. एका घरानं आठवड्यात एकच दिवस. मोठा ओटा नको, महागडा कंडो नको, साधा फ्लॅट चालेल. एक कुकर, एक पातेलं आणि घरात कुणी खोकत नसलं पाहिजे. त्या दिवशी कुणी आजारी पडलं तर खोटं बोलायचं नाही, मला फोन करायचा, डबा दुसऱ्या घरातून जाईल. नखं मी सांगेन तशी कापायची. नेलपॉलिशवाल्या त्या दोघी आल्या असतील तर त्यांना माझं पहिलं बोलावणं. पुरुषांनाही. स्वयंपाक येत नाही म्हणू नका, साहेबांनाही येत नव्हता.

सोमवार माझा आणि केतकीचा. मंगळवार त्या रीतवाल्या वहिनींचा, त्यांनी मला बाहेर सांगितलंय. पाच दिवस उरले.

आता दोन मिनिटं उभं राहायचं असतं ना? ते दोन मिनिटांचं काही करू नका. मी सांगते तेवढंच करा. हॉलच्या मागे, पँट्रीच्या शेजारी, एक बेसिन आहे. मघाशी येऊन मी तिथं नवा साबण ठेवलाय. आपण सगळे उभे राहू. हात धुवायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गप्प राहू. कात्यासाठी. त्या कोटवाल्या बाईसाठी, जिला आजारी पडेपर्यंत कुणी चांगलं म्हटलं नाही. आणि आपल्या लीलाताईंसाठी, ज्यांना आपणही म्हटलं नाही.

मी मनात मोजणार आहे. चाळीस झाले की मी मागे न बघता बेसिनकडे जाईन. ज्यांना यायचंय त्यांनी बाह्या वर करून या. बाकीच्यांनी चहा घ्या आणि जा. राग नाही.

लीलाताई, उद्याचा डबा साडेअकराला निघेल. उशीर होणार नाही.

उठा.

अदीन.